उताराच्या कडेची भेग

"वहिनी, अंगणाच्या कडेच्या भेगांत पाणी सोडू नकोस," नणंद फोनवर म्हणाली होती. ती माती तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. हिला जळीस्थळी मातीच दिसते, म्हणत मी ते हसण्यावारी नेलं.

माझा घोर वेगळाच होता. लेक नुकती चालायला लागलेली, आणि तिचं पाऊल नेमकं भेगेतच जायचं. दारापुढच्या सपाट जागेत मी नळी सोडली, तर माती फुगली आणि भेगा मिटल्या. मला हुरूप आला. मग नळी कडेला नेली, जिथून जमीन एकदम खाली उतरते. तिथे पाणी गटागटा आत जायचं, वर थेंब साचायचा नाही. माती तहानलेली आहे असं समजून मी रोज पाजत राहिले.

उताराच्या पायथ्याशी शिंपीकाका एकटे राहतात. एका सकाळी त्यांनी खालून हाक मारली. "पोरी, तुझा नळ गळतोय का? माझ्या मागच्या भिंतीला घाम फुटलाय."

मी तशीच कडेला धावले. कडेची भेग उताराला आडवी, लांबवर पसरली होती. तिच्यात माझा हात सहज जात होता. आणि काकांचा पलंग त्याच भिंतीला टेकलेला.

मी फोन केला, तशी नणंद दुपारीच आली. भेगेत काठी घालून बघत म्हणाली, "सपाटीवर पाणी सावकाश मुरतं. उतार जितका उभा, तितकं ते वरच्या वर पळतं आणि माती धुऊन नेतं. भेगेतून आत शिरलेलं पाणी तर माती सुटी करून पुढे ढकलतं. पावसाच्या आत आवरायला हवं."

"बोल ना एकदाचं, सांगितलं होतं म्हणून."

"ते जेवताना बोलीन. आधी फावडं दे."

आम्ही भेगा चिकणमातीने ठासून भरल्या. नवरा लेकीला कडेवर घेऊन वरून तुडवत होता. पावसाचं पाणी बाजूच्या गटाराकडे वळावं म्हणून वरच्या अंगाला चर खणला, उतारावर गवताचे ठोंब आडव्या रांगांनी लावले.

काका मात्र पलंग हलवू देईनात. "मला याच भिंतीशी झोप लागते."

"आणि भिंतीलाच झोप लागली तर?" नणंदेने विचारलं.

काका कुरकुरत पुढच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारी आले.

त्याच आठवड्यात पाऊस कोसळला. चराने बरंचसं पाणी बाहेर काढलं, पण मी आधी पाजलेलं पाणी मातीच्या पोटात होतंच. उताराचा एक लचका सुटला आणि भिंतीच्या विटा घेऊन काकांच्या मागच्या खोलीत आला. बाकीचा उतार टिकला. काका दारात उभे राहून म्हणाले, "पोरी, आता खिडकी मोठी करून घेतो."

नवी भिंत कोरडी आहे, गवताने मूळ धरलंय. तरी पाऊस लागला की मी खाली डोकावून येते. तुमच्याही अंगणाखाली कोणी राहत असेल, तर आजच जाऊन या. त्यांच्या मागच्या भिंतीला हात लावून बघा आणि ते कुठे झोपतात, तेवढं विचारा.