मधल्या भिंतीखालचं सोनं

मानाजी फणसे पीथमपूरच्या गाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाले, तेव्हा धारच्या घरात सगळ्यांना वाटलं, आता हे गच्चीवर कुंड्या लावतील किंवा सकाळी फिरायला जातील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांना सोनं शोधायचं होतं.

श्रीमंत व्हायची हौस नव्हती. मोबाइलवर त्यांनी ऑस्ट्रेलियातली माणसं पाहिली होती. ओढ्याकाठी उकिडवी बसून ती परातीत वाळू घोळायची, पाणी सांडत सांडत तळाशी राहिलेला पिवळा कण बोटाच्या टोकावर घ्यायची आणि लहान मुलासारखी हसायची. मानाजींना ते हसणं फार आवडलं होतं.

उमाबाईंना, त्यांच्या बायकोला, त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. "अहो, सराफ्यात झारेकरी असतात की, दुकानाबाहेरची धूळ धुऊन सोनं काढणारे. त्यांच्याशेजारी जाऊन बसा. निदान हाती काही लागेल तरी."

हळूहळू सामान जमत गेलं. आतून खाचा असलेली हिरवी प्लास्टिकची परात आली, बारीक आणि जाड अशा दोन चाळण्या आल्या, गुडघ्यांना बांधायच्या गाद्या आल्या. मानाजी न्हाणीघरात टबात वाळू आणि शिशाचे छर्रे कालवून घोळण्याचा सराव करत. मोरीचं पाणी तुंबलं की उमाबाई बोलत, आणि ते निमूट वाळू उपसत. फक्त मुख्य वस्तू, जमिनीखालचा धातू ओळखणारं मशीन, काही ठरत नव्हतं. एक बारीक सोन्याला चांगलं, पण खोल जात नाही. दुसरं खोल जातं, पण हाताला जड. तिसरं पाण्यात चालतं, पण यांना पोहता येत नाही.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून मुलगी उतरली की ही चर्चा तिच्याशी व्हायची. रुची पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात तपासणी विभागात होती. तिथे प्रत्येक गोळी डब्यात जाण्याआधी मेटल डिटेक्टरमधून जाते, त्यामुळे हा विषय तिला नवा नव्हता.

"पप्पा, पहले ये बताओ, शोधायचं काय आहे? मशीन त्यावरून ठरतं ना."

"सोनंच की."

"माळव्यात? इकडे सगळा काळा दगड आणि काळी माती आहे."

"मिळालं नाही तरी चालेल गं," मानाजी म्हणत, आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालत.

अशात टोंकखुर्दहून फोन आला. उमाबाईंचं माहेर तिथलं. त्यांचे दोन धाकटे भाऊ, गणपत आणि मारुती, एकाच घराच्या दोन भागांत राहत. मधे एक भिंत, मागे सामाईक परस. फोन गणपतच्या बायकोचा होता आणि ती रडत होती.

झालं होतं असं. एक माणूस गावात आला होता. कमरेला डबा बांधलेला, हातात दोन पितळी काड्या. घराशेजारून जाताना काड्या एकमेकींवर वळल्या म्हणाला. मधल्या भिंतीखाली हंडाभर सोनं आहे, सोमवारी माणसं घेऊन येतो, घर उकरावं लागेल, आधी थोडा आगाऊ पैसा लागेल. हे त्यानं आधी एकट्या गणपतला सांगितलं. मारुतीला ते दुसऱ्याच कोणाकडून कळलं, आणि तिथून सगळं बिघडलं. मारुतीनं आपली खाट भिंतीला लावून घेतली. गणपतनं परसाच्या दाराला कुलूप घातलं. मुलांना एकमेकांकडे जायला बंदी झाली. दोघं भाऊ आता एकमेकांशी बोलत नव्हते.

उमाबाईंनी फोन ठेवला. मग म्हणाल्या, "आमचे आप्पा गेल्यावर भावांची वाटणी झाली तेव्हा कोणाचा आवाज चढला नव्हता. चहा पिता पिता झाली होती वाटणी."

"मी जाऊन समजावतो त्यांना," मानाजी म्हणाले.

"तुमचं ऐकतील? त्या माणसाकडे मशीन आहे, तुमच्याकडे काय आहे?" त्या उठल्या. "तुमचं ते मशीन विकत घ्या. उद्याच चला."

रुचीनं सुट्टी टाकली आणि तिघं इंदूरला गेले.

मशीनचं दुकान अरुंद होतं, पण माल भरपूर होता. दुकानदारानं पहिल्यांदा काचेच्या कपाटातून जे काढलं ते पाहून उमाबाई दचकल्या. डबा आणि दोन काड्या.

"लो भिया, ये दूर से पकड़ता है. सोना, चाँदी, पानी, सब."

"दाखवा की," रुची म्हणाली. तिनं आईच्या बोटातली अंगठी मागून घेतली, काउंटरवर तीन रिकामी खोकी उपडी घातली आणि दुकानदाराला तोंड फिरवायला सांगितलं. मग एका खोक्याखाली अंगठी ठेवली.

दुकानदार काड्या घेऊन आला. काड्या मधल्या खोक्यावर वळल्या. खोकं उचललं, खाली काही नव्हतं. दुसऱ्यांदा त्या डावीकडे वळल्या. अंगठी उजवीकडे होती. तिसऱ्यांदा दुकानदारानंच काड्या खाली ठेवल्या आणि ओशाळं हसला. "दीदी, झूठ नहीं बोलूँगा. लोग माँगते हैं, तो रखता हूँ."

उमाबाईंनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे त्या माणसाला काही कळलेलंच नाही!"

"काड्यांना कळलेलं नाही, आई. खाली काय आहे ते अजून कोणालाच माहीत नाही."

मग खरी मशीनं निघाली. मानाजींनी सरळ एक उचललं. हलकं, निमुळतं, जमिनीवरून फिरवायची खालची कॉइल लहान असलेलं. त्याची सगळी माहिती त्यांना तोंडपाठ होती. तांदळाच्या दाण्याएवढं सोनंसुद्धा हे ओळखतं. त्यांनी ते दुकानातल्या दुकानात डावीउजवीकडे फिरवून पाहिलं. हाताला अगदी नेमकं बसत होतं.

हे मशीन वरवरच्या बारीक कणांसाठी होतं. टोंकखुर्दच्या काळ्या, लोहयुक्त मातीत ते सतत कुरकुरलं असतं, आणि हातभर खोलीवरचा हंडा त्याला कळलाच नसता. ज्या कामासाठी आलो त्याला हे उपयोगी नाही, हे मानाजींना ठाऊक होतं. त्यांनी ते परत काउंटरवर ठेवलं आणि त्याच्या मुठीवरचा हात जरा वेळानं काढला.

"मोठ्या कॉइलचं द्या. आणि मातीप्रमाणे जुळवणी, ग्राउंड बॅलन्स, हातानं करता येईल असं."

ते मशीन दिसायला साधं, थोडं बोजड होतं. सोबत त्यांनी गाजराएवढा पिनपॉइंटर घेतला, म्हणजे खड्डा खणल्यावर वस्तू नेमकी कुठे आहे ते कळतं. दुकानदारानं हेडफोन पुढे केला. मानाजींनी हात लांबवला, पण उमाबाई मधे पडल्या.

"तो नको."

"अगं, बारीक आवाज नीट ऐकू येतो त्यानं."

"तुम्हाला एकट्याला येतो. मग गणपतला वाटेल तुम्ही मारुतीचं लपवलंत, आणि मारुतीला वाटेल गणपतचं. जे वाजेल ते सगळ्यांनी ऐकायचं."

हेडफोन दुकानातच राहिला.

रविवारी सकाळी ते टोंकखुर्दला पोचले. अंगणात दोन खाटा होत्या, एकीवर गणपत, दुसरीवर मारुती, आणि मधे एरवी नसते एवढी जागा. चहा दोन्ही चुलींवरून आला. उमाबाईंनी दोन्ही कप प्यायले.

"दाजी, तुम्ही पण सोनं काढायला आलात का?" मारुतीनं विचारलं. चेष्टा होती, पण चेहरा हसत नव्हता.

"आहे की नाही ते बघायला आलोय. तुम्ही दोघंही माझ्याबरोबर फिरायचं. एकटा मी पाऊलसुद्धा टाकणार नाही."

परसाचं कुलूप गणपतनं खाली मान घालून उघडलं. मानाजींनी मशीन सुरू केलं आणि ते लगेच किंचाळायला लागलं. इथे वाजे, तिथे वाजे, उचललं तरी वाजे. धाकटी भावजय पदराआड हसली. मानाजींना घाम फुटला. दुकानातला सराव फरशीवर झाला होता, मातीवर नाही.

"पप्पा, घाई नको," रुची हळूच म्हणाली. "पहले इसको मिट्टी समझाओ."

एक मोकळी जागा पाहून मानाजींनी कॉइल जमिनीजवळ न्यायची, वर उचलायची, पुन्हा खाली न्यायची असं चालवलं आणि अंगठ्यानं चकती थोडी थोडी फिरवत राहिले. कुरकुर कमी होत गेली. मग थांबली.

"आता परीक्षा," ते म्हणाले. "गणपत, तुझ्या घरातला एक तांब्या आण. मारुती, तू तो कुठेही पूर. मी बघत नाही."

दोघांनी एकमेकांकडे न पाहता ते केलं. माती सारखी झाल्यावर मानाजी वळले आणि संथपणे मशीन फिरवत निघाले. पेरूच्या झाडापाशी स्वच्छ, भरदार आवाज आला. अगदी रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असा. मारुतीनं हातांनी माती उकरली आणि तांब्या काढला.

"हे बरोबर चालतंय," गणपत पुटपुटला.

मग ते आत गेले. थोरल्या भावजयीनं स्वयंपाकघरातले डबे हलवून भिंत मोकळी केली. मानाजींनी भिंतीच्या कडेनं इंचाइंचानं कॉइल नेली. एखादा खिळा टिचकी मारल्यासारखा वाजे, बाकी शांत. पलीकडे मारुतीच्या घरातही तसंच. मारुतीनं स्वतःची खाट उचलून बाजूला केली. तिच्याखालीही काही नव्हतं. उमाबाई दारात उभ्या होत्या, त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती. देवाचं नाव घेत असाव्यात.

फक्त परसातलं भिंतीचं टोक उरलं होतं. तिथे कॉइल गेली आणि तोच आवाज आला. तांब्याचा. त्याहून मोठा, रुंद, दोन पावलांपर्यंत पसरलेला.

मारुतीनं भिंतीशी टेकवलेली पहार उचलली.

मानाजींनी पुन्हा फिरवलं. पुन्हा आवाज. इतके महिने ज्या आवाजाची वाट पाहिली तो हा असा पायाखाली वाजत होता, आणि त्यांच्या मनात एकच आलं, हे सोनं नसू दे. त्यांनी भावांकडे पाहिलं. गणपतचा चेहरा पांढरा पडला होता. मारुतीनं पहार घट्ट धरली होती.

"खोदायच्या आधी एक," रुची म्हणाली. "मामा, जे काही निघेल ते तहसीलला कळवायचं. पुरलेलं धन लपवणं गुन्हा आहे. दोघांनी आत्ताच सांगा."

"कळवू," मारुती म्हणाला.

"कळवू," गणपत म्हणाला, आणि जरा थांबून, "माझी तर झोपच उडालीय या सोन्यानं."

मारुतीनं माती सैल केली, गणपतनं फावड्यानं ओढली. गुडघ्याएवढा खड्डा झाल्यावर मानाजी वाकले आणि पिनपॉइंटर आत धरला. तो थरथरला. बोटांनी माती बाजूला केली तेव्हा गंजलेली, जाड, वाकडी कड दिसली. अजून उकरलं तर कड वळत गेली. पुढे पुढे वळतच गेली. लोखंडाचं एक मोठं कडं होतं, आत दगड भरलेले.

"गाडीच्या चाकाची धाव!" मारुती ओरडला. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टी चढवतात, ती. "दादा, ही आप्पांनी पुरली होती! कौलांचं पाणी इथं पडून माती वाहायची, म्हणून धाव पुरून आत दगड घातले होते. मीच तर दगड आणून देत होतो!"

"तू देत होतास?" गणपत कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. "मग इतके दिवस बोलला का नाहीस, गाढवा?"

"विसरलो होतो रे. कौलं जाऊन स्लॅब आला, ते कोणाच्या ध्यानात राहतंय?"

आधी गणपत हसला की मारुती, ते कोणाला नीट सांगता आलं नसतं. उमाबाई मात्र मटकन मातीत बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत-रडत राहिल्या. "चाक निघालं गं बाई," त्या भावजयींना पुन्हा पुन्हा सांगत होत्या, जणू त्या दोघी तिथे नव्हत्याच.

"पण दाजी, तांब्यासारखं कसं वाजलं हे?" गणपतनं विचारलं.

"सलग कडं असलं की लोखंडही फसवतं. वाचलं होतं मी, पण त्या वेळी आठवलं नाही." मानाजींनी कपाळ पुसलं. "काढा बाहेर, पुन्हा बघू."

चौघांनी मिळून धाव ओढून काढली. मानाजींनी खड्ड्यावर, टोकावर, आजूबाजूला, सगळीकडे मशीन फिरवलं. दोन्ही भाऊ कान देऊन उभे होते. काही वाजलं नाही.

गणपतनं तिथेच उभं राहून त्या माणसाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. "सोमवारी येऊ नका. आमच्याकडे काही नाही." पलीकडचा माणूस काहीतरी मोठं सांगायला लागला, सोनं जागा बदलतं वगैरे. मारुतीनं फोन हातातून घेतला. "भिया, बैलगाडी की धाव निकली है. चाहिए तो ले जाओ," म्हणाला आणि बंद केला.

त्यानंतर भांडण झालंच. पाहुणे कोणाकडे जेवणार यावरून. गणपत म्हणे मी थोरला, मारुती म्हणे माझ्याकडे बाफल्यांचे कणकेचे गोळे आधीच उकडलेत. शेवटी बाफले मारुतीकडचे आणि डाळ गणपतकडची असं ठरलं. मुलं दोन्ही दारांतून आतबाहेर पळायला लागली, त्यांना कोणी थांबवलं नाही.

जेवणानंतर मानाजी मशीन घेऊन नाल्याकाठच्या पडीक तुकड्यात गेले. दोन्ही मेहुणे मागोमाग गेले. आता मशीन त्यांना हातात धरून पाहायचं होतं. एक बोल्ट सापडला, एक चपटं बाटलीचं झाकण सापडलं, आणि प्रत्येक वेळी तिघंही वाकून बघत. रुचीनं लांबून हाक मारली, "पप्पा, निघायचं ना?" तेवढ्यात मशीन पुन्हा वाजलं आणि तिघंही खाली वाकले.

उमाबाई पेरूखाली मारुतीच्या खाटेवर आडव्या झाल्या होत्या. फोन आल्यापासून त्यांना धड झोप नव्हती. थोरली भावजय चहाचं विचारायला आली, त्यांचा चेहरा बघून तशीच मागे फिरली आणि आत जाऊन सगळ्यांना म्हणाली, "हळू बोला, आक्का झोपल्यात."