न खाल्लेले तीन गोल

दिगंबरवर कुणाला नव्याने स्वतःची ओळख करून द्यायची वेळ आली की त्याचं वाक्य ठरलेलं असे: "मी भारताचा गोलकीपर. न खाल्लेले तीन गोल माझ्या नावावर आहेत." समोरचा माणूस हसायचा. नागोराव मात्र एकदाही हसला नव्हता, कारण ते तीन गोल दिगंबरच्या माथी मारले गेले ते त्याच्यामुळेच.

गोष्ट ब्याऐंशी सालची. एकोणीस वर्षांखालच्या भारतीय संघाला परदेशातल्या एका निमंत्रितांच्या स्पर्धेचं बोलावणं आलं होतं. स्पर्धा किरकोळ, मोठ्या पुस्तकांतून तिला जागा नाही. पण छातीवर भारताचं नाव होतं. संघात पुण्याचे दोघं. दिगंबर मंडईमागच्या गल्लीतला, कारकुनाचा मुलगा, गोलकीपर. नागोराव यवतमाळकडच्या खेड्यातून मामाकडे कात्रजला कामासाठी आलेला, डाव्या पायाचा फॉरवर्ड. पहिलाच सामना यजमानांशी. उत्तरार्धात नागोरावने गोल मारला. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना यजमानांना पेनल्टी मिळाली आणि दिगंबरने उजवीकडे झेप घेऊन ती अडवली. एक-शून्य. आपल्या युवा संघाच्या इतिहासात असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांची तक्रार आली. स्पर्धेची अट होती की खेळाडूचा जन्म एक जानेवारी त्रेसष्टनंतरचा हवा. नागोरावच्या पासपोर्टवर त्रेसष्टचंच साल होतं, आईने अंगठा उठवलेल्या प्रतिज्ञापत्रावरून घेतलेलं. पण आपल्या व्यवस्थापकांनी आयोजकांना अख्खी फाइलच देऊन टाकली होती. जितके कागद जास्त तितकं काम लवकर, हा आपला सरकारी समज. त्या फाइलीत शाळेचा दाखलाही होता. त्यावर जन्मतारीख होती एक जून एकोणीसशे बासष्ट.

एक जून ही महाराष्ट्रातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख आहे. शाळा जूनमध्ये उघडायची. गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण, लिही एक जून. नागोरावचे हात लांब, म्हणून वर्षभर आधीच त्याला शाळेत बसवला, असं त्याची आई सांगे. पोरगा खरा त्रेसष्टचा, तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. हे सगळं त्या परक्या मुलखातल्या साहेबांना कोण समजावणार? नियमाप्रमाणे अपात्र खेळाडू खेळवणारा संघ शून्य-तीनने हरला असं धरतात. तसं धरलं. संघाला परत पाठवलं. नागोराव पुन्हा कधी भारताकडून खेळला नाही. दिगंबरलाही कुणी बोलावलं नाही.

पेपरात नागोरावचं नाव 'वयचोर' म्हणून छापून आलं. त्या दिवसांत त्याच्या मामानेसुद्धा तोंड फिरवलं होतं. एकटा दिगंबर सांगत राहिला, "नाग्या खोटं बोलणार नाही. दाखला खोटा आहे." चाळीसहून जास्त वर्षं तो हे सांगत होता. नागोराव कारखान्यात चिकटला, अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर दाखल्याच्या तारखेने निवृत्त झाला, आणि त्या गुरुजींनी आपली नोकरीही वर्षभर खाल्ली म्हणून चिडत राहिला. त्याची बायको इंदुबाई म्हणायची, "आता गुरुजी गेले, त्यांना तरी सोडा."

दिगंबर बँकेतून निवृत्त झाला आणि कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये बसून भारतीय युवा संघाचा आंतरराष्ट्रीय इतिहास लिहू लागला. प्रत्येक सामना, प्रत्येक गोल, प्रत्येक मिनिट. चौऱ्याहत्तर सालचं इराणबरोबरचं संयुक्त विजेतेपद सोडलं तर बहुतेक पानं पराभवाचीच. पण लिहिणारा असा खमक्या की पुरावा नसेल तर मिनिटसुद्धा छापणार नाही. "माझ्या पुस्तकात ऐकीव काही नाही," तो म्हणे. "ऐकीव ऐकायचं असेल तर कट्ट्यावर जा." त्या पुस्तकात एकच तळटीप पुराव्याविना उभी होती. ब्याऐंशीच्या सामन्याखाली त्याने लिहिलं होतं: 'खेळाडू प्रत्यक्षात पात्र होता, मूळ निकाल भारत १, यजमान ०.' पुस्तक आता छापायला जायचं होतं, आणि या टिपेला कागद हवा होता.

कागद मिळवायची कल्पना नागोरावचीच. चुलतभावाचा मुलगा सुदर्शन मुलीच्या जात पडताळणीसाठी तहसीलमध्ये जुनी कोतवाल बुकं धुंडाळत होता. गावचा कोतवाल त्या काळी जन्ममृत्यूच्या नोंदी त्यात करी. "माझीही नोंद बघ रे," नागोरावने त्याला सांगितलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सकाळी दहाला सुदर्शनचा फोन आला. "काका, भेटली ना नोंद! तुमाले फोटो टाकला पाहा."

नागोरावने चष्मा पुसला. फोटो मोठा केला. शाई फिकी होती, पण अक्षर सुरेख. बापाचं नाव गणपत, जात कुणबी, अपत्य मुलगा, जन्म अकरा सप्टेंबर एकोणीसशे एकसष्ट.

त्याने पुन्हा वाचलं. बासष्टसुद्धा नाही. एकसष्ट. महिना पोळ्याचा होता, म्हणजे आईने दिवस खरा सांगितला होता आणि साल खोटं. गुरुजींनी वय वाढवलं नव्हतं, उलट घटवलं होतं. ज्या माणसाला आयुष्यभर शिव्या घातल्या, त्याने नोकरीचं जवळजवळ एक वर्ष पदरात टाकलं होतं.

मग त्याला ते आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा, इतकी वर्षं ज्यावर पाय देऊन उभा होता ते पायाखालून निघालं. तालुक्याच्या कचेरीबाहेर स्टॅम्पवाल्यासमोर आई उकिडवी बसली होती. स्टॅम्पवाल्याने विचारलं, "जन्मसाल?" आणि आईने पदर सारखा करून त्यालाच विचारलं होतं, "कोणतं पायजे, साहेब?" नागोराव शेजारीच उभा होता. अडाणी आहे बिचारी, म्हणून तेव्हा तो हसला होता. आपण खरंच इतके भोळे होतो का? त्याला शरम वाटली. आईची नाही, त्या हसण्याची.

"काय आलं फोनवर?" इंदुबाईने विचारलं.

त्याने सांगितलं. ती परातीतल्या कणकेकडे बघत राहिली. "पुसून टाका तो फोटो. म्हणा नोंद सापडली नाही. गावोगावची निम्मी बुकं वाळवीने खाल्लीत, कोण विचारतंय? दिगंबरभाऊजींनी तुमच्यासाठी किती सोसलंय."

"म्हणूनच," नागोराव म्हणाला. पण बसमध्ये बसेपर्यंत त्याचं नक्की काही ठरलं नव्हतं. वाटेत दोनदा फोटोवर बोट ठेवलं. पुसायचा की नाही, असं फोनने विचारलं, आणि दोन्ही वेळा त्याने नाही म्हटलं.

दिगंबरने दार उघडलं. "ये. फोन न करता आलास, म्हणजे एकतर कागद सापडलाय, नाहीतर वासंतीच्या हातचा चहा हवाय."

टेबलावर छापायला जायची पानं पसरली होती. दिगंबरने ब्याऐंशीचं पान वर काढून ठेवलंच होतं. नागोरावने फोन पुढे केला. दिगंबरने भिंग घेतलं. बराच वेळ वाचलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाला, "यात तुझं नाव कुठे आहे?"

"त्या काळी नाव नाही लिहायचे."

"नुसतं 'मुलगा' लिहिलंय. कुणाचा मुलगा, कोणता मुलगा? मी असा पुरावा घेत नाही. उद्या कुणीही गणपतचा मुलगा म्हणून उभा राहील." त्याचा आवाज चढला होता. "शिवाय तुमचा कोतवाल काय पिऊन लिहीत होता, तुला ठाऊक आहे?"

नागोरावला कळलं की त्याच्यासाठी दार उघडं ठेवलंय. पुराव्याविना मिनिटसुद्धा न छापणारा माणूस आज डोळे मिटायला तयार होता. फक्त गप्प बसायचं होतं. तेवढं केलं तर एक-शून्य कायमचं छापलं जाणार होतं. त्याचा गोल, दिगंबरची पेनल्टी, दोन्ही.

"दिगू," तो म्हणाला, "आईला मुलगा एकच झाला. मागेपुढे बहिणी आहेत."

आतून वासंतीवहिनींनी विचारलं, "साखर कमी ना हो भाऊजी?"

दिगंबरने पट्टी घेतली. तळटिपेवर एक सरळ रेघ मारली, कागद फाटू नये अशी हलकी. मग गोलकीपरने खाल्लेल्या गोलांच्या रकान्यात, जिथे इतके दिवस कोरं ठेवलं होतं, तिथे तीनचा आकडा काढला. त्याचं अक्षर बँकेतलं, सुवाच्य.

"तू खेळायलाच नको होतास," तो म्हणाला. रागाने नाही, निकाल वाचावा तसं. "ठीक आहे. तुझा गोल गेला. पण पेनल्टी तर मी अडवली होती ना रे?"

"अडवली होती. मी पाहिली. उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात."

"तू पाहिलीस," दिगंबर म्हणाला. "पण आता तुझी साक्ष कोण धरणार?"

चहा आला. नागोरावने तो उभ्यानेच प्यायला. दिगंबर दर वेळी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला यायचा, त्या दिवशी आला नाही.

पुस्तक आलं. पंधरा दिवसांनी मंडईत दोघांची गाठ पडली. दिगंबरच्या बरोबर छापखान्याचा श्याम होता, हातात पालेभाजीची पिशवी. इकडचं तिकडचं बोलणं झालं. "काका तर भारताकडून खेळलेत," मेथीवाली ऐकतेय असं पाहून श्याम कौतुकाने तिला सांगू लागला.

"व्हय? काय होता तुमी?" तिने दिगंबरला विचारलं.

नागोराव त्या ठरलेल्या वाक्याची वाट पाहत राहिला.

"गोलकीपर," दिगंबर म्हणाला. "तीन गोल खाल्ले." आणि मेथीची जुडी उलटीपालटी करून पाहू लागला.