चांगल्या पायावरची पट्टी

मी एक क्रेपची पट्टी. रंग मातकट, अंगात ताण, टोकाला दोन चिमटे. पाय मुरगळला की गुंडाळतात ना, तीच मी. आज जे सांगणार आहे त्यात माझीच शोभा होणार आहे, पण गप्प बसून जीव घुसमटला.

कारखान्यात विणली गेले, औषधाच्या दुकानात धूळ खात पडले आणि एका संध्याकाळी पडद्यांच्या दुकानात काम करणाऱ्या ताईने मला विकत घेतलं. जिन्यावरून उतरताना तिचा डावा पाय मुरगळला होता.

दुसऱ्या दिवशी मला बांधून ती लंगडत कामाला आली आणि काय सांगू माझा थाट! मालकांनी स्वतः स्टूल पुढे सरकवलं. बिलं करणाऱ्या काकू "अगंबाई, केवढी ही सूज!" म्हणून हळहळल्या. सूज कसली, माझेच वेढे होते ते. कापडाचे जड तागे तिला कुणी उचलू दिले नाहीत. मला वाटलं, किती मायाळू माणसं ही!

मग हळूहळू कळलं. ताईला चार वर्षांपासून सांध्यांचा आजार होता. सकाळी बोटं वळायची नाहीत, दुपारी गुडघ्यांत आग पडायची. चेहरा मात्र टवटवीत, आणि तोच तिला नडला. दर अर्ध्या तासाने बसू द्यावं, अशी डॉक्टरांची चिठ्ठी तिने मालकांना दिली होती. त्यांनी ती वाचून परत केली. "स्टूल गिऱ्हाइकांसाठी आहे. आणि तुला काय धाड भरलीय? चांगली धडधाकट तर दिसतेस!" काकूंचं ठरलेलं, "थकवा आम्हालाही येतो गं. आम्ही बोलून दाखवत नाही, एवढंच."

दहा दिवसांत पाय बरा झाला. तिने मला सोडलं, त्याच दिवशी स्टूलही गेलं. संध्याकाळी ती घरी भिंत धरत धरत आत आली. दुसऱ्या सकाळी तिने मला पुन्हा गुंडाळलं, त्याच डाव्या, आता चांगल्या पायाला.

मला लाज वाटली. दुखत होतं भलतीकडेच आणि विचारपूस माझी होत होती. तीन महिने मी ते सोंग वठवलं. बसायला मिळालं तसं तिचं काम सुधारलं, पण तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

या आजारात कधीकधी डोकंही चालेनासं होतं. एका सकाळी बोटं आखडलेली, रात्रभर झोप नाही, आणि तिने मला उजव्या पायाला बांधलं. मी ओरडणार तरी कशी?

"काल डावा होता ना गं?" काकूंनी भर दुकानात विचारलं.

सगळे हातातलं काम टाकून जमले. मालकांनी तिला मला सोडायला लावलं. ताईने पिशवीतून आजाराची जाडजूड फाईल काढली. ती कुणी उघडली नाही. मला मात्र प्रत्येकाने हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं.

"आधीच खरं सांगायचं ना! आम्ही काय माणसं नाही?" मालक म्हणाले. ताईने खरं सांगितलं होतं. दोनदा.

नोकरी राहिली, कारण तिच्यासारखं बिनचूक माप घेणारं दुसरं कुणी नाही. मी काउंटरच्या खणात पडले. ती दुकान उघडल्यापासून दिवे लागेपर्यंत उभी असते, आणि येता-जाता कुणीतरी विचारतं, "काय गं, आज कुठला पाय?" मला संताप येतो. बाबांनो, कुणी दुखतंय म्हणालं की आधी त्याच्या अंगावर मला शोधत बसू नका!

गेल्या आठवड्यात दुकानात एक नवीन मावशी लागल्या. परवा त्या ताईच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "फार वेळ उभं राहिलं की धडधडतं गं, डोळ्यांपुढे अंधारी येते. मालकांना सांगू का?"

 ताईने खण उघडून मला बाहेर काढलं आणि मावशींच्या हातात दिलं.

"अगं, पण माझा पाय चांगला आहे."

"माझाही चांगलाच होता," ताई म्हणाली. "फक्त रोज एकच पाय ठेवा, मावशी."