खिशात राहिलेली पिन

मी एक जुनी पिन आहे. केसांत खोचतात तसली नव्हे. मी पोलादाची, बोटभर लांब. माझ्या कडीला कापडी पट्टी आहे. ती लाल होती, आता विटकरी झाली आहे.

मित्रांनो, लढाऊ विमानातली खुर्ची साधी नसते. संकट आले की ती वैमानिकाला घेऊन बाहेर उडते. तिच्याखाली स्फोटके असतात. विमान जमिनीवर असताना ती चुकून उडू नये म्हणून मला तिच्यात खुपसतात. उड्डाणाआधी काढायचे, उतरल्यावर पुन्हा घालायचे. एवढेच माझे काम.

आमचे साहेब तेव्हा तरुण वैमानिक होते. मला काढले की ते मला मेकॅनिकला दाखवत आणि मांडीवरच्या खिशात ठेवत. तो मेकॅनिक सगळे दोनदा मोजून घेई, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. साहेबांचे लग्न नुकतेच झाले होते, तेव्हा त्यांनी बाईंना माझे चित्र काढून दाखवले होते. म्हणाले, "ही कधी माझ्या खिशात सापडली तर आधी मला उठव. भांडण नंतर."

एका दुपारी साहेब उतरले आणि त्यांच्या मागचे विमान धावपट्टीवरून घसरले. साहेब उडी मारून तिकडे धावले. मास्तरही धावले. त्या विमानातला मुलगा वाचला. साहेब तसेच घरी गेले, कपडे टाकले आणि झोपले. मी खिशातच होते.

बाईंनी धुण्याआधी खिसे पाहिले.

"अहो, उठा! ही इथे काय करतेय?"

साहेब उठले आणि बूट शोधू लागले. त्या दिवशी फोन बंद होता. बूट सापडेपर्यंत बाई सायकलवर बसून निघाल्याही होत्या. हवाई तळाच्या फाटकावर त्या थांबल्या नाहीत. त्यांनी माझी लाल पट्टी वर धरली. पहारेकऱ्याला काय ते समजले.

मास्तर शेडमध्ये विमानाच्या शिडीवर होते. आतला रेडिओ बिघडला होता. त्यांचा एक पाय आत गेला होता.

"मास्तर, खाली उतरा! पिन माझ्याकडे आहे!"

मास्तर सावकाश उतरले आणि शिडीजवळच खाली बसले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही सायकलवरून आलात म्हणून मी शिडीवरून आलो. नाहीतर छपरातूनच गेलो असतो."

साहेबांनी वरिष्ठांना स्वतः जाऊन सांगितले. महिनाभर त्यांचे उड्डाण बंद झाले. पुढे ते तुकडीचे प्रमुख झाले, मग तळाचे, मग त्याहून मोठे. मी बरीच वर्षे काम केले. आमचे विमान मोडीत निघाले तेव्हा मास्तरांनी मला साहेबांना दिले.

निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी मला हातात धरून भाषण केले. म्हणाले, या पिनेने मला शिस्त शिकवली. त्यांनी वरिष्ठांचे आभार मानले, मास्तरांचे मानले. बाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "भाषण छान झालं. सायकल मात्र राहिली."

साहेब हसले. चूक त्यांना कळली होती. उद्या नीट सांगू, असे त्यांनी ठरवले. नंतर दोन वर्षे गेली. त्यांत पुष्कळ उद्या होते.

बाईंना जाऊन आता सात महिने झाले. साहेब सकाळी उठतात, चहा करतात, कधीकधी दोन कप करतात. एक तसाच निवतो. सायकल मागच्या खोलीत आहे. रविवारी ते तिच्यात हवा भरतात. चालवत कोणी नाही.

परवा मुलगी आली. तिने कपाट आवरायला घेतले.

"बाबा, आईचा हा स्वेटर धुते. मग देऊन टाकू कुणाला तरी."

"खिसे बघितलेस?"

"आईच्या खिशात काय असणार?"

साहेबांनी स्वतः पाहिले. दोन्ही रिकामे होते. त्यांनी पुन्हा पाहिले. मग मला टेबलावरून उचलून उजव्या खिशात ठेवले.

"हा नको देऊस," ते म्हणाले. मुलीने स्वेटर घडी करून परत कपाटात ठेवला.

मित्रांनो, आता मी इथे आहे. इथे लोकरीचा वास येतो. माझे एवढे ऐका. काम झाले की पिन जागेवर घाला. धुण्याआधी खिसे पाहा. आणि तुमच्यासाठी कुणी सायकल पिटाळली असेल, तर ते त्यांना त्याच दिवशी सांगा. बूट सापडण्याची वाट पाहू नका.