न्हाई म्हणायची सोय

आकांक्षाला सगळ्या जगाचा राग आला होता. आता जग म्हणजे तरी केवढं, तर जवळा बाजारच्या अलीकडचं तिचं गाव, घरातले दादा, आणि तिकडे इंग्लंडात बसून मोबाईलवर हुकूम सोडणारा गॅरेथ. हा गॅरेथ तिच्या ड्रम कोरमधल्या, म्हणजे कवायत करत वाजवणाऱ्या पथकातल्या, वादकांचा म्होरक्या. त्याचा निरोप शनिवारी सकाळी येऊन पडला : वाजवण्यातला मधला तुकडा बदललाय. जे रजेवर आहेत त्यांनी नवा तुकडा खऱ्या ड्रमवर, उभं राहून, पावलं टाकत वाजवायचा आणि व्हिडिओ रविवार संपायच्या आत पाठवायचा. ज्याचा येणार नाही त्याची जागा राखीव वादकाला. खाली त्याने एक हसरा चेहराही टाकला होता, आणि तो पाहून फोन भिंतीवर आपटावा असं तिला वाटलं.

राखीव म्हणजे काय ते तिच्याइतकं कोणाला कळणार? नांदेडला नर्सिंग शिकून ती इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावात दवाखान्यात लागली. वॉर्डातल्या मैत्रिणीने एकदा तिला कोरच्या सरावाला नेलं. गणवेश घातलेली, फुटबॉलच्या मैदानावर बिगुल आणि ड्रम वाजवत शिस्तीत चालणारी माणसं, सगळ्यांचं पाऊल एक, सगळ्यांचा ठोका एक. आकांक्षा पाहतच राहिली. नाव घातलं, शिकली, आणि मग दोन वर्षं राखीवांत काढली. राखीवांत म्हणजे दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या आणि मैदानाच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवायच्या. यंदा कुठे ती ओळीत आली होती. पुढच्या महिन्यात कोर स्पर्धेसाठी नेदरलँडला निघणार होता. व्हिसा झाला होता, गणवेश तिच्या मापाचा शिवून झाला होता.

आणि नेमकं आत्ता आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. परक्या देशात लोकांच्या म्हाताऱ्यांचे गुडघे धरून त्यांना चालायला शिकवणाऱ्या पोरीने स्वतःच्या आईचा गुडघा वाऱ्यावर सोडावा काय? ती रजा काढून आली. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण घोडं अडलं ते घरातच.

दादा, म्हणजे तिचे वडील प्रेमानंद मास्तर, निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. माणूस तसा मोकळा. पोरीला एकटीला विलायतेला धाडलं तेव्हा भाऊबंदांना दारातच गप्प करणारे. पण त्यांच्या घरात वाजवायची वस्तू चालत नसे. लहानपणी मावशीने औंढ्याच्या जत्रेतून आकांक्षाला खेळण्यातली ढोलकी आणली, तर दादांनी ती त्याच पावली मावशीच्या पिशवीत परत टाकली होती. ड्रम कोरबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा आकांक्षाने गणवेशातला फोटो पाठवला, पांढरे हातमोजे, उंच टोपी, आणि ड्रम तेवढा नव्हता त्यात. दादा गावभर सांगत फिरले, "आमची आकांक्षा तिकडं परेडमधी हाय." खोटं ती बोलली नव्हती, पण खरं गिळून बसली होती.

सोबत सरावाची रबरी थाळी आणलेली. दादा फिरायला गेले की ती आईच्या उशाशी बसून त्यावर हात चालवायची. एकदा दादा लवकर आले.

"टकटक कशाची येऊन राहिली?"

"हाताचा व्यायाम आहे, दादा."

ते आत गेल्यावर आई, पद्माबाई, खाटेवरून हळूच म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची असंल बाई, पण तुझ्या मुठीत काठ्या हायत. किती दिस झाकशील?"

तर शनिवारी ती चुलतभावाकडे, भीमराजकडे गेली. तो गावच्या शाळेत शिक्षक. शनिवारची सकाळची शाळा सुटलेली. त्याने कपाटातून पंधरा ऑगस्टचा ड्रम काढून दिला. आकांक्षाने एक ठोका मारला आणि कपाळावर हात मारला. श्रावणाच्या दमटीत चामडं असं मऊ पडलेलं की गोधडीवर बडवल्यासारखा आवाज. उन्हात ठेवावा तर आभाळ भरलेलं. बल्बखाली धरावा तर लाईट गेलेली. शेवटी भीमराजने शाळेमागून तुराट्या आणल्या, पेटवल्या, आणि ड्रम त्या आचेवर फिरवत म्हणाला, "हे बराबर आपल्या खानदानाचंच काम हाय म्हण." दोघं हसले. मग दोघांनाही वाटलं, हसायला नको होतं. आजाच्या हलगीची गोष्ट घरातला कोणी हसण्यावारी नेत नसे.

चामडं ताणलं. फोन पाण्याच्या टाकीला टेकवून ती उभी राहिली. पहिल्या वेळी फोन घसरून पडला. दुसऱ्या वेळी सोयाबीनवर फवारा मारून येणारा एक जण फटफटी थांबवून विचारू लागला, कशाचा कार्यक्रम हाय. तिसऱ्या वेळी हात लागला. नवा तुकडा अवघड होता, डावा हात मागे राहायचा, पण या वेळी तो राहिला नाही. संपायला थोडंच उरलं असताना कुंपणापलीकडून आवाज आला, "ए पोरी, नरसिंगची नात ना तू? हात बराबर म्हाताऱ्याचाच गं!"

गावातल्या म्हाताऱ्या ग्यानबाची ती आरोळी व्हिडिओत जशीच्या तशी उतरली, आणि तिचा हात तिथेच थांबला. त्याच्यामागे आणखी चारसहा जण जमले. कोणी टाळ्या दिल्या, कोणी "हलगी काढा, हलगी!" म्हणालं. वाईट कोणीच बोलत नव्हतं, आणि त्यामुळेच तिला जास्त चीड आली. लोकांची तोंडं धरता येत नाहीत, आणि कौतुकाची तर मुळीच येत नाहीत. मग पाऊस आला. तिने ड्रम चादरीत गुंडाळला, मागच्या दाराने घरात नेला आणि चुलीजवळ ठेवला.

रविवारी सकाळी विश्वंभरराव ओट्यावर हजर. गावातलं मोठं शेत त्यांचं, पोळ्यातला मानाचा बैल त्यांचा. पोळा दोन दिवसांवर आलेला. हातात नारळ आणि सुपारी. दादांनी खुर्ची दिली.

"मास्तर, औंदा डीजे आणायचा न्हाई असं ठरवलंय आमी. बैलं बुजत्यात. तोरणाखाली निस्ती हलगी पायजे, पयल्यासारखी. काल ग्यानबा सांगून राहिला, तुमची पोरगी काय वाजवती! म्हणलं, घरचं सोनं सोडून बाहेर काहून हुडकायचं?"

आकांक्षा दाराआड उभी होती. दादांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग पाहुण्याकडे.

"ते काम आमी सोडलंय, विश्वंभरराव."

"काम कुठं म्हणून राहिलो मी? मान हाय तुमचा! नरसिंगबाबाची हलगी वाजल्याबिगर आमचा बैल तोरणाखालून निघत न्हवता. पोरीला साडीचोळी करू, फेटा बांधू."

आता मात्र ती बाहेर आली. "काका, मी येणार न्हाई."

"काहून गं?"

"मर्जी न्हाई म्हणून."

विश्वंभरराव खरोखरच गोंधळले. "फॉरेनात जाऊन वाजवती, आन् आपल्या गावात वाजवायची लाज वाटती व्हय?"

ते टोचून बोलले असते तर तिने त्यांना जागच्या जागी उत्तर दिलं असतं. पण माणूस मनापासून विचारत होता. आपण मान घेऊन आलोय आणि ही पोरगी तो लाथाडतेय, एवढंच त्यांना दिसत होतं. पिढ्यान् पिढ्या मान म्हणून जे समोर ठेवलं त्यात काय काय होतं, हे त्यांना कोणी सांगायचं, आणि किती वेळा? "माझी मर्जी न्हाई," ती पुन्हा तेवढंच म्हणाली. "बरं बाई," म्हणून ते उठले. नारळ ओट्यावरच राहिला. रुसल्यासारखे पायऱ्या उतरून गेले.

"काय वाजवती तू?" दादांनी विचारलं.

तिने चुलीजवळचा ड्रम आणून त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. परेड नाही, ड्रम आहे. दोन वर्षं राखीवांत काढली ती यासाठीच. आज व्हिडिओ गेला नाही तर नेदरलँडला दुसरी कोणी जाईल, आणि आपण परत बाटल्या सांभाळत बसू.

दादा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ड्रमकडे बघत, वर्गात धडा सांगावा तशा आवाजात बोलू लागले.

"माझी धाकटी बहीण तापानं गेली, तो दिवस पोळ्याचा होता. मी सात-आठ वर्साचा. लेकरू घरात झाकून ठेवलेलं, आन् येशीतून सांगावा आला, नरसिंगला धाडा, बैलं खोळंबलेत. आमच्या बापानं हलगी शेकली आन् गेला. बैलं घरोघर जाईस्तोवर वाजवलं. मंग येऊन लेकराला मातीत ठेवलं. मी इचारलं, काहून गेलता? तर म्हणला, आपल्याला न्हाई म्हणायची सोय न्हाई, लेकरा. धम्मात आल्यावर त्यानं पयले ती हलगी चुलीत घातली. तर गावानं सालभर कामाला बोलावलं न्हाई. आमी अर्ध्या पोटानं झोपलो, पण त्यानं परत हलगीला हात लावला न्हाई. आन् तू एक दिस शाळेत वाजवलं, तर दुसऱ्या दिशी नारळ दारात."

दादांच्या त्या बहिणीची गोष्ट तिला माहीत होती. पोळ्याचा दिवस होता हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, गेला तो व्हिडिओ खड्ड्यात. पण दुसऱ्याच क्षणी इतक्या दिवसांचा राग उसळून वर आला, कारण नारळ आणला तो विश्वंभररावांनी आणि शिक्षा भोगायची ती हिने.

"आत्ता तुमच्यासमोर काकांना न्हाई म्हणले का न्हाई मी?"

"म्हणलीस."

"काय केलं त्यांनी?"

दादांनी ओट्याकडे पाहिलं. "काई न्हाई. नारळ इसरून गेला."

"मंग?"

"आन् त्या तुझ्या गोऱ्या म्होरक्याला? त्याला म्हणता येतं न्हाई?"

"येतं. न्हाई म्हणलं तर माझ्या जागी दुसरी उभी राहील. माझ्या दारात कोणी येणार न्हाई, माझी नोकरी कोणी बंद करणार न्हाई. मी घरी जाईन आन् चहा करून पिईन. दादा, मला कोणी वाजवायला लावून राहिलं न्हाई. मला वाजवायचंय."

"येवढं सगळ्याइला न्हाई म्हणता येतं," दादा म्हणाले, "तर शाळेत लपून काहून वाजवलं?"

तिने जीभ चावायला हवी होती. नाही चावली.

"कारण एका माणसाला न्हाई म्हणायची सोय न्हाई मला. तुमाला."

दादांचा चेहरा असा उतरला की आकांक्षाला शब्द परत घ्यावेसे वाटले, पण ते खरे होते, आणि खरे शब्द घेऊन तरी कुठे ठेवायचे? तिने डोळे पुसले, ड्रमचा पट्टा गळ्यात घातला आणि अंगणात गेली. लपायचं आता उरलंच काय होतं? शेजारची माणसं दारात आली. तिने फोन ओट्याच्या खांबाला लावून पाहिला, नाही राहिला. बादलीवर ठेवला, तिथून नुसते पाय दिसत होते. दगडाला टेकवला तर घसरून चिखलात उताणा पडला. एवढं सगळं बोलून आता हे यंत्र उभं राहीना, म्हणून ती त्याच्यावरच ओरडली, "मर की मेल्या!"

मागून पायऱ्या उतरल्याचा आवाज आला. दादांनी वाकून फोन उचलला, सदऱ्याच्या टोकाने त्याची काच पुसली आणि दोन्ही हातांनी तो चेहऱ्यासमोर धरला. शेजारी बघत होते. ग्यानबासुद्धा रस्त्यात थांबला होता. दादांनी कोणाकडे पाहिलं नाही.

"कुठं दाबायचं?" त्यांनी विचारलं.

"लाल गोल आहे ना, तिथं."

त्यांनी दाबलं. तिने पहिलं पाऊल टाकलं, आणि पाचव्या-सहाव्या ठोक्यालाच डावा हात मागे राहिला. डोळ्यांपुढे धूसर झालं होतं. ती थांबली, हातातल्या काठ्या फेकून द्यायच्या बेतात आली.

दादांनी फोन खाली घेतला नाही. "पुन्हा कर," ते म्हणाले. "मी उभा हाय."