मार्चमधली डोक्याची चाचणी

दर मार्चमध्ये आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या पोरांची डोक्याची चाचणी होते. संगणकासमोर बसायचं, दाखवलेले शब्द आठवून सांगायचे, ठिपका दिसला की बटण दाबायचं. हंगामात कुणाच्या डोक्याला मार लागला की तीच चाचणी पुन्हा घेतात आणि गुण घसरले की खेळ बंद. म्हणून मी, बचावफळीचा कोच, माझ्या पोरांच्या कानात सांगून ठेवतो, मार्चमध्ये जरा मठ्ठ व्हा. आधीच गुण कमी असले की पुढे घसरायला जागा उरत नाही.

त्या दुपारी मी टॅव्हेरियसचा अहवाल लिहीत होतो. एकोणीस वर्षं, तीनशे दहा पौंड, बचावफळीत मधोमध उभा राहून समोरच्या दोघांना एकटा रेटणारा. ‘सप्टेंबरपासून ही जागा याचीच’ इथवर लिहून झालं होतं. तेवढ्यात पोरांच्या दुखापती बघणारी लोरेटा आत आली आणि तिने त्याचे गुण माझ्यापुढे ठेवले. इतके कमी मी कधी बघितले नव्हते.

“अतिशहाणं आहे पोरगं,” मी हसलो.

“मला हसू येत नाहीये, हॉलिस. त्यालाच विचार जा.”

मी अहवाल तसाच टाकून उठलो.

टॅव्ह खानावळीत तळलेल्या कॅटफिशचं तिसरं ताट संपवत होता.

“काय रे, मठ्ठ हो म्हटलं होतं, दगड हो नव्हतं म्हटलं. परवा पुन्हा बस चाचणीला.”

त्याने काटा खाली ठेवला. “कोच, रागावणार नाही ना?”

“बोल.”

“तुमचं नाही ऐकलं मी. आईला शब्द दिलाय, कॉलेजात एकही परीक्षा खोटी देणार नाही म्हणून. जीव तोडून दिली मी ती.”

“वर्षाचे महिने उलटे म्हण,” मी म्हणालो.

“डिसेंबर, नोव्हेंबर...” तो थांबला. कपाळावर घाम आला. “ऑगस्ट?”

“डोकं दुखतं का तुझं?”

“सगळ्यांचंच दुखतं ना, कोच?”

“खेळताना डोळ्यांपुढे अंधारी कितीदा आली?”

“शाळेपासूनचं धरायचं का?”

अकरा वर्षं मी कमी गुणांच्या पोरांची पाठ थोपटत आलो होतो. माझं ऐकून खोटं उत्तर देणारे त्यातले किती आणि खरोखरच न आठवणारे किती? एकालाही मी कधी विचारलं नव्हतं. आता मला त्यांचे चेहरे आठवायची भीती वाटत होती.

“पहिल्या सामन्याला सगळं घर येणारेय,” टॅव्ह म्हणाला. “मी खेळणार ना पुढच्या हंगामात?”

“नाही, पोरा. तू आता खेळायचं नाहीस. उद्या लोरेटा तुला डॉक्टरकडे नेईल.”

त्याचे डोळे भरून आले, ते त्याने मनगटाने पुसले. मग काटा उचलून उरलेला मासा संपवला, पाणी प्यायला आणि माझ्याकडे बघून छान हसला.

“कोच, पहिल्या सामन्याला सगळं घर येणारेय. मी खेळणार ना पुढच्या हंगामात?”