डॉयलच्या खुणा

माझा नवरा डॉयल खोटं बोलतो, पण फक्त माशांच्या बाबतीत, असं मी एकतीस वर्षं हसत हसत सांगत आले. केंटकीतल्या आमच्या तळ्यावर त्यात कुणाला वावगं वाटत नाही. हिवाळ्यात जो तो सीडरची झाडं तोडतो, बुंध्याला तारेनं सिमेंटचे ठोकळे बांधतो आणि कुठेतरी नेऊन बुडवतो. त्या फांद्यांत बारकी मासळी शिरते, तिच्यामागे क्रॅपी मासे येतात, क्रॅपीमागे मोठे बास. वरून काही दिसत नाही. जागा ओळखायची ती काठावरच्या खुणांवरून, आणि खुणा कुणी कुणाला सांगत नाही. चर्चच्या पास्टरनी विचारलं तर डॉयल त्यांनाही तोंड वर करून भलतीच जागा सांगायचा, आणि मी मागे उभी राहून हसू दाबायची.

झाडं बांधायची मी. जानेवारीच्या गारठ्यात, हातमोजे काढून, कारण मोज्यांनी तारेला पीळ बसत नाही. तीन पीळ द्यायचे आणि टोक आत दुमडायचं, म्हणजे त्यात गळाचा दोर अडकून तुटत नाही. ही दुमड माझी, दुसरं कुणी एवढा कुटाणा करत नाही. बुडवायला मात्र तो आणि क्लीट जायचे. क्लीट त्याचा शाळेपासूनचा मित्र. "बोटीत तिघांना जागा कुठे आहे?" डॉयल म्हणायचा. मीही कधी हट्ट धरला नाही. मूर्ख होते.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्याच्या फुप्फुसांनी हात टेकले. हॉस्पिटलमध्ये नर्स बाहेर गेल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं.

"नॅडिन, खुणा ऐकून ठेव. चर्चचा मनोरा आणि धान्याच्या कोठीचं टोक एका रेषेत आण. डाव्या हाताला पांढरा धक्का दिसला की थांब. अठरा फूट पाणी आहे. कुणाला बोलू नकोस."

"क्लीटला?"

"क्लीटला माहीत आहे."

मी त्याचा हात धरून रडले. एकतीस वर्षांत एवढं मोठं त्यानं मला काही दिलं नव्हतं. चार दिवसांनी तो गेला.

एप्रिलमध्ये काठावरचं डॉगवूडचं झाड फुललं की क्रॅपी अंडी घालायला काठाला येतात. तेव्हा कुणीही उठावं आणि चार मासे धरून मिरवावं. खरी परीक्षा मेनंतर. पाणी तापलं की ते खोल फांद्यांत जाऊन बसतात. मी बोट त्या रेषेवर आणली, गळाला जिवंत मासळी लावली आणि अठरा फुटांवर सोडली. काही नाही. सोळा फूट, चौदा फूट. पहाटे गेले, तिन्हीसांजेला गेले. ब्लूगिल माशांसाठी गांडूळ लावलं, ऑक्टोबरात बाससाठी चकचकीत पत्र्याचं आमिष ओढलं, नोव्हेंबरात बोटं वळेनात तोवर बसले. असे दोन मोसम. गळ एकदाही फांदीत अडकला नाही, यावरून तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

क्लीटची बर्फाची पेटी मात्र दर शनिवारी क्रॅपींनी भरलेली.

"हात हलका ठेव, नॅडिन," तो म्हणायचा. "क्रॅपी ओढत नाही, नुसता श्वास टाकतो. डॉयलला ते कळायचं."

घरी येऊन मी अंगणातल्या बादलीत गळ सोडून हात हलका करायला शिकले. साठीची बाई. मासे मला नकोच होते, बाजारात मिळतात. ती जागा मला डॉयलनं दिली होती, आणि ती मला सापडत नव्हती.

या जानेवारीत धरणाच्या दारांच्या दुरुस्तीसाठी तळं वीस फूट उतरवलं. मी गमबूट चढवले आणि चालत निघाले. मनोरा, कोठीचं टोक, पांढरा धक्का. पोचले तिथे चिखल होता, परातीसारखा सपाट. एक काटकी नाही.

पाव मैलावर टेकाडाआडच्या वळणात चाळीसेक झाडं चिखलात उभी होती. मी जवळ जाऊन बुंधे पाहिले. तीन पीळ, टोक आत दुमडलेलं. प्रत्येक बुंध्याला. क्लीट तिथेच नवी झाडं लावत होता.

"तू इथे कशी?"

"चालत."

"खुणा जरा इकडेतिकडे झाल्या असतील," तो म्हणाला.

"पाव मैल?"

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. "त्याला तुला दुखवायचं नव्हतं गं. तो म्हणाला, बाईमाणूस आहे, चारचौघींत बोलून टाकेल. काहीतरी सांगतो, तिचं समाधान होईल."

"आणि तू मला हात हलका ठेवायला सांगत राहिलास."

तो म्हणाला, "आता पाहिलंसच, तर कुणाला बोलू नकोस. आणि ही नवी झाडं बघ ना जरा. माझी तार सुटते. तुझा पीळ पक्का असतो."

एक ठेवून द्यावी अशी चीड आली. पण मी पक्कड मागून घेतली आणि खाली बसून सहा झाडं बांधली. दर पिळाला मान वर करून काठ पाहत होते. वीज पडलेला ओक, त्यामागे पाण्याच्या टाकीचा डावा पाय, उजवीकडे लाल छपराचं कोठार. सहा झाडांत सगळं पाठ झालं.

रविवारी प्रार्थना संपल्यावर पास्टरनी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. मी उठले आणि सावकाश सांगितलं: ओक, टाकीचा पाय, लाल छप्पर. दोनदा सांगितलं, कारण मागच्या बाकावरची मंडळी पेन शोधत होती. क्लीट तिसऱ्या बाकावर मान खाली घालून बसला होता. बाई बोलून टाकेल, असं डॉयल म्हणाला होता ना? टाकलं बोलून.

वसंतात तळं भरलं, डॉगवूड फुलला, झडला, पाणी तापलं. त्या वळणात रोज वीस-वीस बोटी उभ्या राहिल्या. जून संपता संपता तिथे तळहाताएवढाही मासा उरला नाही. आता कुणी जात नाही, क्लीटसुद्धा नाही.

काल मी गेले. ओक आणि टाकीचा पाय एका रेषेत आणले, लाल छप्पर दिसल्यावर थांबले, गळ सोडला. खाली जाताच तो अडकला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच माझा गळ मी बांधलेल्या झाडाच्या फांदीला लागला होता. दोर हातात धरून मी बराच वेळ बसले आणि गळ सोडवला नाही.